आत्याची दहा बोटं

नमस्कार मंडळी! आज मतदानावर बोलायचंय, पण आधी आमच्या आत्याचं ऐका.

आत्या सदाशिव पेठेतली. मतदानाला सकाळी सातला पहिली हजर, पण मागे एका विधानसभेला गुडघ्याने दगा दिला म्हणून दुपारी अडीचला निघाली, सोबत मी. आत यादी बघणारे म्हणाले, आजी, तुमचं मत झालंय की. आत्याने दहाच्या दहा बोटं टेबलावर पसरली. म्हणाली, शोधा शाई! मागे रांग थांबलेली, त्यातला एकजण म्हणाला जाऊ द्या ना आजी, एका मतानं काय होतंय. झालं! आत्या वळून म्हणाली, काही होत नाही तर चोरलं कशाला?

मग केंद्राध्यक्ष आले, कार्ड बघितलं, दोन-चार प्रश्न विचारले, सही घेतली आणि चक्क कागदी मतपत्रिका दिली. अशी सोय असते, प्रदत्त मत म्हणतात तिला. परत सांगतो, प्रदत्त मत, तुमच्या नावावर आधीच कोणी बटण दाबून गेलं असेल तर हे मागायचं, गुपचूप घरी यायचं नाही. आत्या खूश, शिक्का मारला, कागद पाकिटात गेला, येताना गुडघा विसरली.

आणि आपण? २०१९ ला लोकसभेला पुण्यात शंभरात पन्नास जणही आले नाहीत, २०२४ ला त्रेपन्नच्या आसपास, तेव्हा १३ मे, सोमवार, म्हणजे शनिवार-रविवार जोडून महाबळेश्वर. शाई दाखवली की मिसळीवर सवलत देतात हल्ली, मला ते पटत नाही, आणि त्या मिसळीत चीज घालणाऱ्यांचं तर अजिबातच पटत नाही, असो.

तर यादीत नाव बघा. कार्ड घरात आहे म्हणजे नाव यादीत आहे असं नाही, कार्ड नाही, यादी बघा! नवीन नाव असेल तर सहा नंबरचा फॉर्म, कोथरूडहून वाघोलीला राहायला गेला असाल तर आठ नंबरचा, अडलं तर १९५० ला फोन.

राहता राहिलं आत्याचं पाकीट. नेहमीच्या मोजणीत प्रदत्त मतं धरत नाहीत, निकालाविरुद्ध कोणी हायकोर्टात गेलं तरच ती उघडायची वेळ येते. हे मला नंतर कळलं. आत्याला अजून सांगितलेलं नाही. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, ती झोपलेली असते, म्हणून तर बोलतोय.