पहिल्या गाण्यापासून

(दृश्य: टिंपनी या मोठ्या नगाऱ्यावर पडणारी काठी, थरथरणारं कातडं)

स्कॉटलंडमधल्या एका शाळेत रॉन फोर्ब्स हे शिक्षक टिंपनी वाजवायचे, तेव्हा त्यांची एक विद्यार्थिनी भिंतीला तळहात टेकवून उभी राहायची. खर्जातले स्वर तिच्या पायांत, पावलांत उतरायचे. वरचे चेहऱ्यावर, मानेवर, छातीत जाणवायचे. ती मुलगी म्हणजे एव्हलिन ग्लेनी. बारा वर्षांची होईपर्यंत तिचं ऐकणं जवळजवळ गेलं होतं. पुढे त्या जगभर गाजलेल्या तालवादक झाल्या. आजही त्या अनवाणी वाजवतात. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्यांचं वादन साऱ्या जगाने पाहिलं.

तरीही कर्णबधिर माणसाला मैफलीत काय मिळणार, असं लोक सर्रास विचारतात.

(दृश्य: रंगमंचाच्या कडेला उभी, खुणांच्या भाषेची दुभाषी)

या बाईंकडे नीट पाहा. आज कोणती गाणी होणार, ती यादी त्यांना आधीच लागते. शब्दाला शब्द ठेवून गाणं खुणांत उतरत नाही. ओळीचा अर्थ, तिच्यातला संताप, लाडिकपणा, सगळं हातांत आणि चेहऱ्यावर यावं लागतं, तेही ठेक्यात. मधे गिटार एकटीच वाजते, तेव्हाही हात खाली येत नाहीत. सुरांची चढउतार खांद्यांतून, बोटांतून दिसत राहते. अंगावर साधा, एकरंगी कपडा, म्हणजे हात उठून दिसतात. आणि गाण्यासाठी सगळा मंच अंधारात गेला, तरी त्यांच्यावरचा दिवा चालूच राहिला पाहिजे. तो विझला की समोरच्या प्रेक्षकांचं गाणंच बंद पडतं.

ज्यांना थोडं ऐकू येतं, त्यांची गरज वेगळी. सभागृहाभोवती तारेचं वेटोळं बसवलं, की श्रवणयंत्रातल्या, अशा वेटोळ्याचा आवाज पकडणाऱ्या टी स्विचवर माइकचा आवाज थेट कानात येतो, गोंगाट आणि घुमारा वगळून. कुणी कंप देणारं जॅकेट घालतं, कुणी नुसता फुगा बोटांत धरतं. फुग्याच्या पातळ रबरावर ढोलाचा प्रत्येक ठोका लागतो.

(दृश्य: मैदानाबाहेर तिकिटांची रांग)

२०१७ साली दक्षिण इंग्लंडमध्ये लिटल मिक्स या बँडचा कार्यक्रम होता. आपल्या ऐकू येणाऱ्या मुलींना घेऊन काही कर्णबधिर आया तिथे गेल्या. दुभाषी मिळावी म्हणून त्यांना आधी कायद्याची वाट धरावी लागली. ती मिळाली, पण फक्त मुख्य बँडपुरती. त्याआधी दोन बँड गायले. मुली नाचत होत्या आणि तिकिटाचे तेवढेच पैसे मोजलेल्या आया नुसत्या बघत होत्या. त्या पुन्हा कोर्टात गेल्या, ब्रिटनच्या २०१०च्या समानता कायद्याचा आधार घेऊन. खटला वर्षानुवर्षं चालला आणि निकाल आयांच्या बाजूने लागला: आधीच्या दोन बँडनाही दुभाषी द्यायलाच हवी होती.