जनावरांच्या पोटातला अल्निको चुंबक

नमस्कार, पशुपालक बंधू-भगिनींनो.

काल सकाळपर्यंत व्यवस्थित धार देणारी गाय आज एकदम निम्म्याच्या खाली येते. गव्हाणीत कडबा तसाच पडून राहतो, रवंथ बंद होतं. गाय पाठ वर काढून उभी राहते, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून बाहेर काढते. बसायचं म्हटलं तर जपून बसते आणि बसताना कण्हते. आपण समजतो अपचन झालं. मग पाचक चूर्ण, गोडं तेल, ओवा, काळं मीठ असं करण्यात तीन-चार दिवस जातात. या लक्षणांमागं बऱ्याचदा पोटातली तार असते. त्या तारेवर वेळेआधी करायचा एक स्वस्त उपाय आहे, अल्निको नावाच्या मिश्रधातूचा चुंबक. आजचं बोलणं त्याच्यावर आहे.

आधी तार पोटात कशी जाते ते पाहू. गाय, म्हैस, बैल चारा जिभेनं ओढून घेतात, थोडा चावतात आणि गिळतात. बारीक चावण्याचं काम नंतर रवंथ करताना होतं. त्यामुळं घासात आलेला खिळा किंवा तारेचा तुकडा त्यांना तोंडात ओळखू येत नाही. शेळी पानपान निवडून खाते, म्हणून तिच्यात हा त्रास क्वचित दिसतो. गिळलेली जड वस्तू पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे जाळीपोटात जाऊन बसते. या कप्प्याचं अस्तर मधमाशीच्या पोळ्यासारखं घराघरांचं असतं आणि तारेचं टोक त्या घरात अडकतं. जाळीपोट साधारण दर मिनिटाला एकदा आकुंचन पावतं आणि प्रत्येक आकुंचनाला टोक थोडं पुढं सरकतं. पुढं काय आहे? आधी श्वासपटल, म्हणजे पोट आणि छाती यांच्यामधला पडदा, आणि त्याच्या पलीकडं, जेमतेम काही सेंटिमीटरवर, हृदय. गाभण जनावरात शेवटच्या दोन-तीन महिन्यांत गर्भाशयाचा दाब वाढतो, तेव्हा शांत पडलेली तारही घुसते. विण्याच्या आगेमागे अशी प्रकरणं जास्त दिसतात ती यामुळंच.

आपल्या मराठवाड्यात या तारा येतात कुठून? पूर्वी कडब्याची पेंढी धाटानं किंवा अंबाडीच्या सोपटानं बांधायचे. आता बाहेरून येणारे दाबलेले गठ्ठे तारेनं आवळलेले असतात. शेतातल्या आखाड्यावर शेड उभारताना उरलेली बाइंडिंग तार, काटेरी कुंपणाचे तुकडे, पत्र्याचे खिळे, पोत्याला टोचलेला दाभण, झाडलोटीतून उकिरड्यावर गेलेल्या सेफ्टी पिना ही नेहमीची कारणं आहेत. एका कारणाकडं मात्र फार कमी लोकांचं लक्ष जातं, ते म्हणजे टायर. डास हाकलायला गोठ्याजवळ टायर जाळतात. रबर जळून जातं आणि मागं केसासारख्या बारीक, ताठ पोलादी तारांचा झुबका उरतो. राखेबरोबर तो पसरतो, मोडतो आणि वैरणीत मिसळला की डोळ्याला दिसत नाही. गोठ्याजवळ टायर जाळूच नका.

कुट्टी मशीननं सोय केली, पण या बाबतीत धोका वाढवला. अख्ख्या कडब्यातली हातभर तार गाय बहुधा बाजूला टाकते. तीच तार मशीनमध्ये गेली की तिचे बोटाएवढे, दोन्हीकडं धारदार तुकडे होतात आणि कुट्टीबरोबर सहज गिळले जातात. दुष्काळात छावणीत दहा ठिकाणचा चारा एकत्र येतो, जनावर भुकेलं असतं, हपापून खातं. त्यातच आहारात स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की जनावर हाडं, चिंध्या, चपला चघळायला लागतं. तेव्हा खनिज मिश्रण चालू ठेवणं हासुद्धा तारेपासूनच्या बचावाचा भाग आहे.

आता अल्निको. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट या तीन धातूंच्या नावांवरून हे नाव पडलं. बाकीचा मोठा भाग लोखंडाचा आणि थोडं तांबं. १९३१ साली जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमचा चुंबकीय मिश्रधातू तयार केला, तिथून याची सुरुवात झाली. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पाचव्या प्रकारात साधारण ८ टक्के ॲल्युमिनियम, १४ टक्के निकेल, २४ टक्के कोबाल्ट, ३ टक्के तांबं आणि उरलेलं लोखंड असतं. जनावराला द्यायचा चुंबक करंगळीएवढा जाड, साधारण साडेसात सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकं गोल आणि गुळगुळीत असा असतो. तो जाळीपोटात जाऊन बसला की वजनामुळं सहसा तिथंच राहतो. येणारी तार त्याच्या अंगाला लांबीनं चिकटते आणि तिचं टोक पोटाच्या भिंतीकडं वळत नाही. चिकटलेली तार हळूहळू गंजून झिजते.

हाच मिश्रधातू का? जनावराच्या पोटात कायम ओल, आंबवण आणि आम्लता असते. त्यात अल्निको गंजत नाही, म्हणून त्याला मुलामा लागत नाही. निओडिमियमचे छोटे चमकदार चुंबक ओढीला जबर असतात, पण वरचा मुलामा खरवडला की आतून गंजून भुगा होतात. शिवाय असे दोन-तीन तुकडे पोटात गेले तर पोटाची भिंत मध्ये चिमटली जाण्याची भीती असते. खेळण्यातले किंवा स्पीकरचे चुंबक जनावराला कधीही देऊ नका. फेराइटचे (लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनवलेले), जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेले चुंबकही जनावरांसाठी मिळतात. ते खास त्याच कामासाठी बनवलेले असतील तरच घ्यावेत. आणखी एक, अल्निकोत कोबाल्ट आहे म्हणून खनिज मिश्रण बंद करू नका. पोटातल्या जिवाणूंना ब-१२ जीवनसत्त्व तयार करायला लागणारं कोबाल्ट चुंबकातून मिळत नाही.

अल्निकोची एक कमजोरी आहे. उष्णतेला तो दाद देत नाही, उकळत्या पाण्यानं धुतला तरी त्याला काही होत नाही. पण हातोडीचे ठोके, फरशीवर आपटणं किंवा दोन चुंबकांची सारखी टोकं एकमेकांजवळ ठेवणं यानं त्याची ओढ कमी होते. म्हणून पेटीत ठेवताना दोन चुंबक शेजारी, उलटसुलट टोकं करून ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या टोकांवर लोखंडी पट्टी लावा. विकत घेताना चार इंची खिळा टोकाला लटकवून हलवा. खिळा सुटला तर तो चुंबक परत करा.

कोणत्या जनावराला द्यायचा? एक वर्ष ओलांडलेली, माजावर यायच्या बेतातली कालवड असेल तर उत्तम. देवणी असो, लाल कंधारी असो की संकरित, वेळ तीच. म्हैस आणि कामाचा बैल यांनाही द्यावा. विकत आणलेल्या मोठ्या जनावराला मात्र आधी होकायंत्रानं तपासा. डाव्या कुशीकडं, पुढच्या कोपराच्या लगेच मागं, छातीच्या खालच्या भागाजवळ होकायंत्र धरा. सुई झटकन फिरली तर आत चुंबक आहे. दुसरा देऊ नका, दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि तारेला ओढणारी ताकद कमी होते. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण मोबाइलच्या कव्हरला चुंबकाचं बटण असेल तर आधी कव्हर काढा. लोखंडी दावण आणि साखळीपासूनही लांब उभे राहा.

चुंबक देण्याचं काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्या. आदल्या संध्याकाळपासून वैरण बंद ठेवतात, म्हणजे पोट थोडं रिकामं राहतं आणि चुंबक जाळीपोटात लवकर पोचतो. सकाळी जनावर उभ्यानं बांधायचं, मान सरळ ठेवायची. मान आभाळाकडं ताणली की चुंबक श्वासनलिकेकडं जाण्याचा धोका असतो. औषधाची गोळी सोडायची नळी ओली करून गालाच्या बाजूनं आत घालतात, जिभेच्या मुळावर चुंबक सोडतात, नळी काढून जबडा हलका बंद धरतात. जनावर गिळतं तेव्हा मानेखाली हालचाल दिसते. नळी जोरानं रेटली तर घसा फाटतो आणि ती जखम तारेपेक्षा वाईट ठरू शकते. नंतर पाणी पाजा, वैरण टाका. आठवड्यानं पुन्हा होकायंत्र लावा. सुई कोपरामागं न फिरता मागं, भुकेच्या खड्ड्याकडं फिरत असेल तर चुंबक अजून मोठ्या पोटात, म्हणजे पहिल्या कप्प्यात आहे. थोडे दिवस थांबून पुन्हा पाहा.

चुंबकाला काय जमत नाही हेही स्पष्ट सांगायला हवं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, शिसं तो ओढत नाही. इंजेक्शनची मोडलेली सुई स्टेनलेस स्टीलची असते, ती जेमतेम ओढली जाते. प्लास्टिकच्या पिशवीवर त्याचा काहीच इलाज नाही. आणि भिंतीतून आरपार गेलेली तार तो परत खेचून आणत नाही. म्हणूनच जनावर धडधाकट असताना चुंबक द्यायचा. आजारी पडल्यावर डॉक्टर चुंबक देतात ते अर्धवट टोचलेली तार धरून ठेवायला. त्याच्या जोडीला प्रतिजैविकं आणि विश्रांती लागते.

लक्षणं दिसली तर आधी ताप पाहा. गायीचं नेहमीचं तापमान साधारण १०१.५ फॅरनहाइट असतं. तारेच्या सुरुवातीच्या दुखण्यात ते १०३ ते १०४ पर्यंत जातं. मग खांद्याच्या उंचवट्यावरची कातडी दोन्ही हातांनी चिमटून दाबा. निरोगी गाय पाठ खाली दबवते. तार टोचलेली गाय पाठ दबवत नाही, उलट कण्हते. उतारावरून चालायला ती नाखूश असते, कारण उतरताना पोटाचा भार पुढं येतो. अशा गायीला चालवत दवाखान्यात किंवा बाजारात नेऊ नका, जुलाबाचं औषध पाजू नका. पुढचे पाय मागच्यापेक्षा वीतभर उंच राहतील असा मातीचा किंवा फळ्यांचा उंचवटा करा, दोन-तीन आठवडे तिथंच बांधून ठेवा आणि लगेच १९६२ वर फोन करून फिरतं पथक बोलवा. दोन-तीन दिवसांत खाणं सुधारलं नाही तर पोट उघडून तार काढण्याचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. अशी शस्त्रक्रिया परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत होते. छातीखाली पोळीला, म्हणजे लोंबत्या कातडीला सूज आली, मानेची शीर दोरीएवढी टम्म फुगली तर तार हृदयाच्या आवरणापर्यंत गेली आहे आणि मग वाचण्याची आशा फार थोडी राहते.

आता कुट्टीचं. गठ्ठा सोडताना कुऱ्हाडीनं तार तोडू नका. गाठीजवळ एकदाच पकडीनं कापा, तार अख्खी ओढून काढा आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवा. गठ्ठ्याला दोन तारा होत्या तर खिळ्यावर दोन अख्ख्या तारा दिसल्या पाहिजेत. कमी दिसली तर तो गठ्ठा मशीनला लावू नका. मशीनच्या तोंडाखाली फेराइटचा चपटा चुंबक लावणं चांगलं, फक्त तो लोखंडी पत्र्याखाली लावू नका. लोखंड चुंबकाची ओढ स्वतःतच अडवून ठेवतं आणि वरून जाणारी तार निसटते. घसरणीचा तेवढा तुकडा चुंबकाला न चिकटणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, ॲल्युमिनियमचा किंवा लाकडी ठेवा. कुट्टीचा थर दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जाड गेला की वरची तार चुंबकापर्यंत पोचतच नाही, म्हणून सावकाश सोडा. मशीन बंद करून प्रत्येक पाळीनंतर चुंबक पुसा. तिथं साचलेले तुकडे पुढच्या लोंढ्याबरोबर वाहून गव्हाणीत जातात.

चुंबक दिला की जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर आणि दिल्याची तारीख वहीत लिहा. जनावर विकताना घेणाऱ्याला तसं सांगा, म्हणजे तो दुसरा चुंबक देणार नाही. जनावर मेलं आणि शवविच्छेदन झालं तर चुंबक मागून घ्या. गरम पाण्यानं धुवून खिळ्याची परीक्षा घ्या. खिळा धरून ठेवत असेल तर तोच चुंबक पुढच्या कालवडीला देता येतो.