चाकावरून उठलेली शिल्पं: हान्स कोपर

हे भांडं जरा वरून पाहा. समोरून ते शिल्पच वाटतं. खाली गोल नळकांडं, वर फावड्याच्या पात्यासारखा चपटा घाट. पण आत डोकावलं की मातीची एक बारीक नळी दिसते. फुलाचा देठ सरळ उभा राहावा म्हणून हान्स कोपर यांनी ती बसवली आहे.

कोपर यांचा जन्म १९२० सालचा, जर्मनीतल्या केमनिट्झचा. १९३९ मध्ये ते ब्रिटनला आले. युद्ध पेटलं आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्यांना कॅनडातल्या छावणीत पाठवण्यात आलं. १९४६ मध्ये कामाच्या शोधात ते लंडनमध्ये लूसी री यांच्या कार्यशाळेत पोहोचले. री स्वतः १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून आलेल्या. शिवणघरांसाठी मातीची बटणं करून गुजराण करत होत्या. कोपर यांना शिल्पकार व्हायचं होतं, मातीकामाचा अनुभव मात्र शून्य. सुरुवात बटणांपासून झाली. पुढे दोघांनी मिळून कपबश्या आणि कॉफीची भांडी केली. त्यांतल्या कित्येकांच्या बुडावर दोघांचेही शिक्के आहेत.

रोजच्या वापरातल्या या भांड्यांनीच कोपर यांचा हात घडवला, असं मला ठामपणे वाटतं. कारण पुढची त्यांची शिल्पंही चाकावरूनच उठली. दोन उथळ थाळ्या चाकावर काढायच्या. माती थोडी आवळली की काठाला काठ लावून त्या जोडायच्या: उभी तबकडी तयार. तिला खाली बूड, वर गळा. दुसरीकडे, ओलं नळकांडं वरून हातानं दाबलं की सुरुवातीला पाहिलेला तो चपटा घाट येतो. मग पांढऱ्या आणि मँगनीजच्या काळपट मातीचे थरावर थर, आणि त्यावर खरवडणं, घासणं. रंग इतकेच. म्हणून तर नजर थेट आकारावर जाते.

१९६२ मध्ये कॉव्हेंट्रीचं नवं कॅथीड्रल उभं राहिलं. त्यासाठी कोपर यांनी सहा मेणबत्तीदानं घडवली, माणसाहून उंच. चाकावर काढलेले सुटे भाग एकावर एक चढवून ती उभी केली आहेत. एवढ्या उंचीवर भागांची मापं जुळवणं हे कसलेल्या हाताचंच काम.

सत्तरच्या दशकात त्यांना स्नायू दुबळे करत नेणारा आजार जडला. याच काळातली त्यांची भांडी सर्वांत नाजूक आहेत: प्राचीन ग्रीसच्या सिक्लाडिक मूर्तींची आठवण देणारी, निमुळत्या टोकावर तोललेली. १९८१ मध्ये कोपर गेले.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिकवलं. तिथल्या विद्यार्थिनी एलिझाबेथ फ्रिट्श मातीच्या वळ्या रचून भांडी उभारू लागल्या. ॲलिसन ब्रिटन यांनी मातीच्या पाट्या जोडून त्यांवर रंगकाम केलं, आणि त्यांतून पाणी ओतायची भांडी घडवली.