अर्धी गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाला झोपवायचं आणि काम झालं की नीट जागं करायचं, हे माझं निम्मं काम. उरलेलं निम्मं वेदनांच्या ओपीडीत चालतं. तिथे एकदा एक काकू आल्या. स्तनाचा कॅन्सर होता आणि तो मणक्यात पसरला होता. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी दोन्ही हात टेकवले, श्वास रोखला, मग हळूच बसल्या. मी औषधं दाखवा म्हटलं, तर पर्समधून एक प्लास्टिकची डबी निघाली. डबीत मॉर्फिनच्या गोळ्या, प्रत्येक गोळी मधोमध तोडलेली.

"काकू, दुखायचं थांबलंय का?"

"छे हो. रात्री कूस बदलता येत नाही."

"मग गोळी अर्धी का?"

काकूंनी मुलीकडे पाहिलं. मुलीने मोबाइल पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, मॉर्फिनने स्तनाची गाठ वाढते.

"काहीतरीच काय" म्हणून मला तो विषय तिथेच संपवता आला असता. पण त्या मजकुराच्या मुळाशी खरे प्रयोग होते, आणि अर्धवट सत्याला उडवून लावलं की ते जास्तच चिकटून बसतं. म्हणून त्या दिवशी काकूंना जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर सांगतो.

आपल्या पेशींवर रिसेप्टर असतात. दारावरच्या बेलसारखे समजा. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, कोडीन ही सगळी अफूच्या कुळातली औषधं. त्यातलं ट्रामाडॉल आणि फेंटानिल कारखान्यात बनतं, पण बेल तीच वाजवतं. मेंदूत आणि मज्जारज्जूत ही बेल वाजली की दुखणं कमी होतं. गंमत अशी की हीच बेल आतड्यालाही आहे. तिथे वाजली की आतडं मंदावतं आणि बद्धकोष्ठ होतं. मॉर्फिन घेणाऱ्या पुष्कळांची ही तक्रार असते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही ही बेल सापडते, आणि कॅन्सरच्या काही पेशींवरसुद्धा. प्रश्न तिथून सुरू होतो.

२००२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात कल्पना गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवल्या आणि त्यांना मॉर्फिन दिलं. रुग्णांच्या रक्तात जेवढं मॉर्फिन असतं, त्याच बेताचं. त्या गाठींमध्ये नव्या रक्तवाहिन्या जास्त फुटल्या आणि गाठी मोठ्या झाल्या. गाठीला वाढायचं तर रक्तपुरवठा हवा, तो मॉर्फिनने सोपा करून दिला, असा त्याचा अर्थ. याच गटाने २०१४ मध्ये आणखी एक काम छापलं. त्यातल्या उंदरांना जनुकांमुळेच स्तनाचा कॅन्सर होणार होता. मॉर्फिनमुळे कॅन्सर लवकर सुरू झाला नाही, पण आधीच असलेली गाठ मात्र जोमाने वाढली. हा फरक लक्षात ठेवा. मॉर्फिनने कॅन्सर 'होतो' असं या प्रयोगातसुद्धा दिसलेलं नाही.

तेवढ्यावर थांबलं तर काकूंचं बरोबरच वाटेल. पण उंदीर म्हणजे काकू नव्हेत. माणसाच्या पेशी रुजाव्यात म्हणून २००२ च्या प्रयोगासारख्या कामात प्रतिकारशक्ती लुळी असलेले उंदीर घेतात. शिवाय दुखणं हा त्या सगळ्या गणितातला मोठा आकडा आहे, आणि तो पुष्कळदा हिशेबात धरलाच जात नाही.

त्यासाठी आणखी मागे जावं लागतं. १९९३ मध्ये गेल पेज आणि शमगर बेन-एलियाहू यांच्या गटाने काही उंदरांवर पोटाची शस्त्रक्रिया केली आणि स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी त्यांच्या रक्तात सोडल्या. शस्त्रक्रिया झालेल्या उंदरांच्या फुप्फुसात जास्त पेशी रुजल्या. ज्यांना शस्त्रक्रियेबरोबर मॉर्फिन मिळालं, त्यांच्यात ही वाढ कमी झाली. म्हणजे औषध तेच, आणि निकाल उलटा. का? कारण इथे प्राण्याला खरोखर दुखत होतं. शस्त्रक्रियेचा आणि वेदनेचा ताण रोगप्रतिकारक पेशींना दाबतो, आणि दुखणं आवरलं की तो दाब कमी होतो. सोसलेली वेदना शरीराला फुकट पडत नाही. आमच्या धंद्यात हे वाक्य रोज वापरावं लागतं.

माणसांमधली गोष्ट २००६ ला सुरू झाली, निदान आम्हा भूलतज्ज्ञांपुरती. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या १२९ बायकांच्या जुन्या केस-पेपरांवरून एक लेख निघाला. काहींना पाठीच्या कण्याशेजारी सुई घालून नसा बधिर केल्या होत्या, आम्ही त्याला पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक म्हणतो. बाकीच्यांना नेहमीची पूर्ण भूल आणि नंतर मॉर्फिन. दोन वर्षांनी ब्लॉकवाल्यांपैकी ९४ टक्के जणींचा आजार उलटला नव्हता, दुसऱ्या गटात ८२ टक्के. तो लेख वाचून आमच्यापैकी कितीतरी जण हरखून गेलो. मीही त्यातलाच. एका सुईने कॅन्सर रोखता येत असेल तर आणखी काय हवं?

पण ते केस-पेपर होते. कुणाला ब्लॉक द्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. म्हणून भूलतज्ज्ञ डॅनियल सेस्लर यांच्या पुढाकाराने अनेक देशांत मिळून खरी चाचणी झाली. त्यात २१०० हून जास्त बायका होत्या आणि कोणत्या गटात कोण, हे नशिबावर सोडलेलं. निकाल २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन्ही गटांत साधारण दहा टक्के जणींचा कॅन्सर परतला. फरक शून्य. इतकी वर्षं जपलेली आशा एका तक्त्यात संपली. खरं सांगायचं तर तो दिवस मला उदास करून गेला, पण रुग्णाला 'मॉर्फिन घ्या' म्हणताना जीभ अडखळायची, ते थांबलं.

त्याच चाचणीतला एक आकडा फारसा कुणी सांगत नाही. सहा महिन्यांनंतरही निम्म्याहून थोड्या अधिक बायकांना ऑपरेशनच्या जागी दुखत होतं, दोन्ही गटांत सारखंच. कॅन्सर परत येईल का, यावर आपण इतकं बोलतो. रोज दुखतं, यावर किती बोलतो?

ऑपरेशननंतर घरी गोळ्या घेणाऱ्यांचं काय? डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या औषधांची नोंद राहते. तिथल्या ३४,००० हून जास्त स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये अभ्यास छापला गेला. अफूवर्गीय औषधं घेतलेल्यांचा कॅन्सर जास्त वेळा परत आला, असं काही दिसलं नाही. २०२१ मध्ये तर ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनची औषधं ज्यावर चालत नाहीत अशा स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात, ऑपरेशनच्या वेळी ही औषधं जास्त मिळालेल्यांचा आजार उलट कमी परतलेला दिसला. त्यावरही मी लगेच नाचणार नाही. तेही केस-पेपरच आहेत, आणि एकदा पोळलोय.

अशा अभ्यासांतला एक सापळा मात्र ओळखून ठेवा. जास्त मॉर्फिन कोण घेतं? ज्याला जास्त दुखतं तो. जास्त दुखतं कुणाला? बहुतेक वेळा ज्याचा आजार जास्त पसरलाय त्याला. मग नुसते आकडे मांडले की मॉर्फिन गुन्हेगार दिसणारच. छत्री असलेल्या दिवशी पाऊस जास्त पडतो, म्हणून छत्रीला दोष देण्यासारखं आहे ते.

आता एक गोष्ट, मला फार आवडणारी. १९७८ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात लिऑन गोल्डबर्ग नावाचे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या एका मित्राचा कॅन्सर हाडांत पसरला होता. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं म्हणून तो मॉर्फिन घेईना, आणि दुखणं सोसत पडून राही. गोल्डबर्गनी मिथाइलनॅलट्रेक्सोन नावाचं औषध पुढे आणलं. ते आतड्यावरची बेल झाकतं, पण मेंदूत शिरत नाही, त्यामुळे वेदनाशमन तसंच राहतं. २००८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गोल्डबर्ग गेल्यावर हे काम नेणारे भूलतज्ज्ञ जोनाथन मॉस यांना वाटलं, की हे औषध घेणारे काही कॅन्सररुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त दिवस काढताहेत. तिथून त्यांनी आणि पॅट्रिक सिंगलटन यांनी रक्तवाहिन्या आणि गाठींवरच्या बेलवर काम केलं. कॅन्सरवरचं औषध म्हणून ते सिद्ध झालेलं नाही. पण मॉर्फिनचा फायदा ठेवून धोका, असलाच तर, बाजूला काढता येईल का, हा प्रश्न त्या मित्राच्या बद्धकोष्ठाच्या भीतीतून निघाला.

काकूंना मी हे सगळं दहा मिनिटांत सांगितलं. गोळ्या तोडू नका, हे वेगळं बजावलं, कारण त्यांची गोळी बारा तास हळूहळू विरघळणारी होती. ती तोडली की औषध एकदम सुटतं, झोप येते, आणि उरलेला वेळ दुखणं मोकाट. शिवाय टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी चालू असेल तर नसांच्या दुखण्यासाठी कुणी गोळी लिहिताना ते त्यांना आवर्जून सांगायचं, कारण नसांच्या दुखण्यावर नैराश्यावरच्या गोळ्याही देतात, आणि त्यातल्या काही टॅमॉक्सिफेनला शरीरात नीट कामी लागू देत नाहीत. मॉर्फिनच्या भीतीपेक्षा हे विचारलेलं जास्त उपयोगी.

दोन आठवड्यांनी काकू परत आल्या. बसताना एकच हात टेकवला.

"कूस बदलता येते का?"

"येते. पण डॉक्टर, पोट काही साफ होत नाही."

मी कागद पाहिला. सारक औषध मॉर्फिनबरोबरच लिहून दिलं होतं. रोज रात्री दोन चमचे.

"किती घेता काकू?"

मुलगी हसायला लागली. काकू एकच चमचा घेत होत्या.