पडून पुन्हा उडणारं विमान

मंडळी, रेडिओ कंट्रोलचं विमान घ्यायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "पडलं तर?" पडणारच आहे हो! त्याची काळजी विमान निवडतानाच करायची, मैदानावर नाही. महिनाभर खपून बांधलेलं बाल्सा लाकडाचं विमान असलं की नवशिक्याचा हात आखडतो. तो रिमोटची स्टिक जेमतेम हलवतो, आणि आखडलेला हात काही शिकत नाही.

टिकाऊ म्हणजे दणकट, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून पहिल्या आपटीनंतर नाकावर प्लायवूड चिकटवतात, पंखांना टेप गुंडाळतात. इथे फिजिक्स आडवं येतं. वजन वाढलं की हवेत टिकायला लागणारा किमान वेगही वाढतो. त्या वेगाचा वर्ग वजनाच्या प्रमाणात वाढतो. धडकेची ऊर्जा म्हणजे निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. मांडा हिशेब. वजन २० टक्के वाढवलंत, तर किमान वेगाने आपटतानाही धडक ४४ टक्के जोरात बसते. म्हणून शिकायचं विमान हलकं, संथ आणि लवचीक हवं. अनेक ट्रेनर विमानांचा पंख रबरबँडने बांधलेला दिसतो, तो काटकसर म्हणून नाही. आपटल्यावर तो सुटून बाजूला पडतो, मोडायचा वाचतो.

फोमफोममध्येही फरक आहे. साधा थर्माकोल दाणे सुटून तुटतो आणि फेव्हिक्विक लावलं तर चक्क विरघळतो. ईपीपी फोम, म्हणजे गाड्यांच्या बंपरच्या आत वापरतात तो, वाकतो आणि परत जागेवर येतो.

मल्टिप्लेक्स या जर्मन कंपनीचं ईझीस्टार हे मला या बाबतीत फार शहाणं विमान वाटतं. त्याचा प्रोपेलर पंखाच्या मागे आणि वरच्या बाजूला आहे, त्यामुळे नाक मातीत घुसलं तरी मोटर बहुधा वाचते. मूळ मॉडेलला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा, नाहीत. शेपटीवरचे रडर (डावं-उजवं) आणि एलिव्हेटर (वर-खाली), शिवाय मोटरचा वेग ठरवणारा थ्रॉटल, बस्स. मग वळतं कसं? पंख टोकांकडे वर उचललेले आहेत, त्याला डायहेड्रल म्हणतात. रडर दिला की विमान किंचित तिरकं सरकतं, पुढे आलेल्या पंखावर वारा जास्त कोनात येतो, तो पंख उचलला जातो आणि विमान कलून वळतं. स्टिक सोडली की बरंचसं आपलं आपणच सावरतं.

स्वतः बांधायचं असेल तर सनपॅक शीट आहे, प्रचाराच्या फलकांची. निवडणूक संपली की तुटवडा नसतो. फक्त मालकाला विचारा. मात्र ती फोमपेक्षा जड, तेव्हा मघाचा हिशेब विसरू नका.

खरी अडचण विमान आपल्या दिशेने येताना होते. त्याचं डावं आपलं उजवं होतं आणि डोकं गोंधळतं. युक्ती सोपी आहे: जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला स्टिक न्या, कलत्या भिंतीला टेकू लावावा तशी. दुसरी गफलत एलिव्हेटरची. विमान संथ होऊन खाली यायला लागलं की माणूस स्टिक आणखी ओढतो, आणि स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचलच सुटते. तेव्हा स्टिक ढिली सोडायची, नाक खाली जाऊ द्यायचं, वेग येऊ द्यायचा. त्यासाठी खाली जागा हवी, म्हणून सुरुवातीला दोन चुका पचतील एवढ्या उंचीवर उडवा. आणि सकाळी उडवा, वारा पडलेला असताना.

जागा निवडताना डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. २०२१च्या ड्रोन नियमांत हौशी मॉडेल विमानंही येतात. ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची. पुणेकरांना लोहगाव विमानतळाचं बंधन आहेच.

आता आपटणार असं दिसलं की आधी थ्रॉटल शून्यावर. अडकलेला प्रोपेलर फिरवायला गेलात तर मोटरचा स्पीड कंट्रोलर जळतो. मग बॅटरी काढून उघड्यावर, माणसांपासून लांब ठेवा आणि थोडा वेळ लक्ष ठेवा; लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी कधीकधी उशिरा पेटते. चेपलेली किंवा फुगलेली दिसली, तर ती पुन्हा चार्जरला लावायची नाही.