लेमन सेटमधले उरलेले

दृश्य १. मटण स्ट्रीट, पहाट. अंधारात हलणारे टॉर्च.

शुक्रवार. अजून उजाडलेलं नाही. चोर बाजारातल्या दुकानांची शटर आज बंद राहणार, पण रस्त्यावर जुम्मा बाजार मांडला जातोय. चादरीवर एकाच पायातला बूट, काटे नसलेलं घड्याळ, कुठल्याही टीव्हीला न चालणारे रिमोट. आणि कडेला, गोणपाटावर, काच.

हा टॉर्च काकूंचा. जुन्या काचेचे आकाशकंदील करणाऱ्या या काकूंवरच हा माहितीपट. गिरगावातून चालत आल्यात. पेला उचलायचा, आतून उजेड टाकायचा, काठावरून बोट फिरवायचं आणि नखानं टिचकी मारायची. आवाज ऐका.

(मूळ ध्वनी : टण्ण.)

हा चांगला.

(मूळ ध्वनी : टप्.)

हा तडकलाय. तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो.

"जोडी नहीं है बाई," विक्रेता आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कटकट नको. काकू मान डोलावतात. जोडी नसलेलेच त्यांना हवे असतात, पण हे त्याला कशाला सांगायचं? दहाला एक. घासाघीस करून पंचवीसला तीन.

दृश्य २. पेल्यांचे जवळून फोटो. फुलं, सोनेरी रेघा, द्राक्षं.

यातला एखादा पेला तुम्ही ओळखला असेल. लेमन सेट. एक जग, सहा ग्लास, वर फुलांची नक्षी. एका काळी लग्नात आहेर म्हणून हटकून मिळायचा, कपाटात बसायचा आणि खोकं न उघडता दुसऱ्या लग्नाला जायचा. खोकं उघडलंच, तर पाच-दहा वर्षांत सहाचे पाच व्हायचे. पाच ग्लास पाहुण्यांसमोर ठेवता येत नाहीत. मग ते माळ्यावर. स्टीलच्या भांड्यावर आपण नाव घालून घेतो, काचेवर घालत नाही. त्यामुळे हे पेले कुणाच्या घरातून आले, कळायला मार्ग नाही.

काठाकडून पाहिलं की पेला हिरवट दिसतो, ते पाहा. ही घाण नव्हे. वाळूत लोहाचा अंश असतो, त्याचा हा रंग. निळ्या बाटलीत कोबाल्ट असतं. नवी, महाग काच हा हिरवटपणा काढून टाकते. आत दिवा लावल्यावर मात्र हिरवट काचेचा उजेड डोळ्यांना गार वाटतो. निदान मला वाटतो.

दृश्य ३. चिंधीत गुंडाळलेली कंदिलाची काच उलगडताना हात.

ही आजची मोठी खरेदी. रॉकेलच्या कंदिलाची काच. शिक्का नाही, म्हणून कुठली ते सांगता येत नाही. पण मराठी मुलखात या काचेला इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी लोकांकडून एकेक पैसा मागून पैसाफंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे इथं काच कारखाना निघाला. परदेशात काचेचं शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं मुलांना शिकवू लागले. फुंकनळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकर मारायची, फिरवत राहायचं. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्या वस्तीला आजही ओगलेवाडी म्हणतात. तिथला प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांत गेला. घराघरात संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसणं हे मुलांचं काम असे, कारण आत जाईल एवढा हात त्यांचाच.

काकूंचा हात आत जात नाही. त्या काठीला फडकं बांधतात.

दृश्य ४. गिरगाव, चाळीची गॅलरी. बादल्या.

नळ बाजार, सी. पी. टँक आणि मग चाळ. पिशवी हातात, बस नाही. बसमध्ये धक्के बसतात.

एका बादलीत धुण्याचा सोडा, दुसरीत पाण्यात व्हिनेगर. सोड्यानं तेलकटपणा आणि चिकटवलेली लेबलं सुटतात. व्हिनेगरनं पाण्याचे पांढरे डाग जातात. काही पेले तरीही धुरकट राहतात. तो डाग नसतो, काचेचा पृष्ठभागच झिजलेला असतो. असे पेले वेगळ्या ओळीत ठेवलेत. त्यांच्यावर रंग चढणार.

दृश्य ५. कापणी. हात, चाक, वाफ. (हा भाग लांब ठेवावा.)

आता श्वास रोखून बघा.

काच कापायच्या हत्याराला जुने काचवाले हिरकणी म्हणत, टोकाला हिऱ्याचा कण असायचा म्हणून. काकूंच्या हत्याराला बारीक कठीण चाक आहे. ते रॉकेलमध्ये बुडवायचं, पेला लाकडी खाचेत आडवा धरायचा आणि हात न हलवता पेलाच फिरवायचा. एकच फेरी. करकर असा बारीक, सलग आवाज आला पाहिजे. दुसऱ्यांदा त्याच रेषेवरून गेलात, तर पेला गेला.

खरं तर काच अजून कापलेली नाही. नुसती चीर पडलीय. आता किटलीतलं उकळतं पाणी चिरेवर गोल ओतायचं, लगेच बर्फाचं पाणी. काच उष्णता हळू पुढे नेते. त्यामुळे एक भाग फुगतो, शेजारचा आखडलेला राहतो, आणि सगळा ताण त्या चिरेत जमा होतो.

(मूळ ध्वनी : टक्. शांतता.)

अलगद सुटला.

प्रयोगशाळेतल्या बीकरवर ही युक्ती चालत नाही. बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, गरम-गार सोसते. आणि टफन केलेल्या, म्हणजे मुद्दाम कणखर केलेल्या ग्लासला तर चाक लावायचंच नाही.

"मावशी, हा कसा ओळखायचा गं?" भाची विचारते.

"टफन लिहिलेलं असलं तर लिहिलेलं असतं. नाही तर तो स्वतःच सांगतो. सांगितलं की मग केरसुणी घ्यायची."

हेही आमच्याकडे चित्रित आहे. हा पाहा. साखरेसारखे दाणे.

कडा घासायला वॉटर पेपर, आणि तोही पाण्याखाली. कोरडं घासलं तर काचेची पूड नाकात जाते. काकू तोंडाला ओढणी बांधतात. मास्क आणलाय म्हणाल्या, तो या फ्रेममध्ये नाही.

दृश्य ६. रंग. खिडकीतलं ऊन.

आधी स्पिरिटचा बोळा, कारण बोटाचा ठसा राहिला तर तिथं रंग धरत नाही. मग आउटलायनरची, म्हणजे रेघ ओढायच्या जाड रंगाची, उंच रेघ, शेतातल्या बांधासारखी. बांधाच्या आत काचेचा रंग सोडायचा, ब्रशनं पसरवायचा नाही, नुसता ढकलायचा. जांभळा, हळदी, मोरपिशी. लेमन सेटची जुनी फुलं काकू झाकत नाहीत. त्यांच्या भोवतीनं रंग नेतात. मला हे फार आवडलं, म्हणून हे दृश्य जरा जास्तच लांब झालंय.

रंग सुकायला एक अख्खा दिवस. मुंबईच्या हवेत दीड.

दृश्य ७. तार, दिवे, जोडणी.

तांबाकाट्यावरून तांब्याची तार, लोहार चाळीतून एलईडीच्या माळा. झिरोचा बल्ब का नाही? तापतो. चिकटवलेला सांधा आणि रंग, दोन्ही बिघडतात.

जुन्या वाड्यांत आणि देवळांत हंड्या-झुंबरं टांगलेली असत, ती आठवा. काकूंचा आकाशकंदील त्याच घराण्यातला. मधे कंदिलाची काच, भोवती पाच कापलेले पेले, पाचही वेगळे. खाली लोलकाच्या जागी गोटी. गोटी सोड्याच्या फुटक्या बाटलीतली. इंग्लंडच्या हायरम कॉडनं १८७२ साली त्या बाटलीचं पेटंट घेतलं होतं. गॅसच्या दाबानं गोटी गळ्यात अडकून बसायची आणि झाकणाचं काम करायची. इथं ती तारेच्या जाळीत लोंबकळते आणि भिंतीवर हिरवा ठिपका नाचवते.

माहीमच्या कंदील गल्लीत कागदाचे, कापडाचे, प्लॅस्टिकचे कंदील माळांनी टांगलेले असतात, हलके आणि स्वस्त. काचेचा कंदील जड. गॅलरीचा हुक पक्का लागतो. रंगवलेली, चिकटवलेली काच पुन्हा भट्टीत घेत नाहीत, हेही खरं, आणि महिन्याकाठी माळ्यावर किती काच साचते त्या मानानं इथं वापरलेले पेले मूठभरच. चला पुढे.

दृश्य ८. खोताची वाडी, डिसेंबर. लाकडी जिने, कमानी, चांदण्या.

दिवाळी संपली की दोन गल्ल्या पलीकडे नाताळ. खोताच्या वाडीतल्या ईस्ट इंडियन घरांतून काकूंना बोलावणं येतं. मराठी बोलणारी ही ख्रिस्ती माणसं. इथली मागणी वेगळी असते : लाल, हिरवा आणि टोकदार चांदणी. फुटलेल्या पेल्यांचे तुकडे इथं कामी येतात. कडा घासून तारेत बसवले की चांदणीचे पाच कोन होतात. कापताना चुकलेले पेलेही इथंच खपतात. काकूंचं बोट मागच्या आठवड्यात कापलं होतं, पट्टी दिसतेच आहे.

एक आजी चांदणी दाराच्या चौकटीला लावून बघतात. "जरा वर," त्या सांगतात. "अजून जरा."

(इथं निवेदन नाही. पंचवीस सेकंद.)

दृश्य ९. काकूंची खोली. काचेचं कपाट.

चित्रणाच्या शेवटच्या दिवशी आम्हाला हे दिसलं. कपाटात वरच्या फळीवर पाच ग्लास. निळी फुलं, सोनेरी काठ, जग गायब.

"काकू, हे कापले नाहीत?"

"अहो, ते पाहुण्यांसाठी."

त्यातूनच कोकम सरबत आलं. आम्ही सहा जण होतो. स्टीलचा पेला कॅमेरामनच्या वाट्याला आला, म्हणून तो या दृश्यात दिसत नाही.