दुसऱ्या वर्षाचं काय?

नमस्कार श्रोतेहो.

आज पैसे मागण्याबद्दल बोलू. गावातल्या एखाद्या छोट्या सामुदायिक कामासाठी लाख, दोन लाख, फार तर पाच लाखांचं अनुदान कसं मागायचं, एवढाच आजचा विषय. मागणं आपल्याला काही नवं नाही. भागवत सप्ताह असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो की गुरुदेव सेवा मंडळाचा कार्यक्रम, वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन फिरणारी माणसं गावोगावी आहेत आणि हिशेबाला ती पक्की असतात. पण हीच माणसं एखाद्या संस्थेला किंवा कंपनीला अर्ज लिहायला बसली की त्यांची भाषाच पालटते. "आमचे गाव अत्यंत दुर्गम व मागासलेले असून येथील जनता दारिद्र्यात खितपत पडलेली आहे." हे वाक्य मी इतक्या अर्जांत वाचलंय की पहिला शब्द दिसला, की पुढचं डोळे मिटून म्हणता येतं. गावाचं नाव झाकलं तर तो अर्ज भंडाऱ्याचा की बुलढाण्याचा, ओळखू येत नाही.

पैसे देणाऱ्याला गरिबी ठाऊक असते. त्याच्या टेबलावर गरिबीचे अर्ज ढिगानं पडलेले असतात. तुमच्या अर्जात तो दुसरंच काही शोधत असतो. काम नेमकं काय, कुठल्या जागेवर, करणार कोण, आणि आमचे पैसे संपल्यावर ते चालणार कसं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक अर्जांत नसतं. माझ्या मते निम्मे अर्ज तिथंच मरतात.

उदाहरण घेऊ. गाव कल्पनेतलं आहे, अडचणी मात्र सगळ्या खऱ्या. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या झाडीपट्टीत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वीच्या मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातले तलाव, गावोगावी आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाच्या लोकांनी तलाव बांधण्यात नाव कमावलं ते याच भागात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची म्हणजे बांधाची, पाटाची, गाळाची काळजी नेमकी कोणाची, हे हळूहळू धूसर होत गेलं. आता आपल्या या गावातल्या बचत गटाच्या बायांना वाटतं, तलावातली बेशरम नावाची झुडपं उपटावीत, थोडा गाळ काढावा आणि मासोळी वाढवावी. काम चांगलं आहे. पण अर्जात काय लिहायचं?

"तलाव गाळाने भरल्यामुळे ग्रामस्थांचे अतोनात हाल होत आहेत" असं लिहू नका. त्याऐवजी असं लिहून पाहा: "पूर्वी तलावात होळीपर्यंत पाणी राहायचं. आता पौष लागला की तळ दिसतो. पूर्वेकडच्या अर्ध्या भागात बेशरम माजली आहे, तिथं जाळं टाकता येत नाही. धान निसवल्यावर शेवटचं पाणी लागतं, तेव्हा पाटाच्या टोकाच्या शेतांपर्यंत ते पोचत नाही. ती शेतं या-या कुटुंबांची." यात एकही मोठा शब्द नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे तलाव उभा राहतो. त्यासाठी मोजणी मात्र करावी लागते. एक लांब बांबू घ्या, त्यावर हात-हातावर खुणा करा, डोंग्यातून चार-सहा ठिकाणी खोली मोजा आणि वहीत लिहून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा त्याच जागी मोजा. आधी किती आणि नंतर किती, यापेक्षा बळकट पुरावा कुठल्याच अहवालात नसतो.

आता दुसऱ्या वर्षाकडे येऊ. समजा अर्जात लिहिलं की कटला, रोहू, मृगळ यांचं बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडणार. पहिल्या वर्षाचं बीज अनुदानातून आलं. पण हे मासे साचल्या तलावात आपोआप अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मग दुसऱ्या पावसाळ्यात पैसे कोण देणार? गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पैसा आला तं होईन सगळं, पुढचं पुढं पाहू." हे उत्तर वाचणाऱ्याला कागदावर लिहिलं नसलं तरी दिसतं. त्याऐवजी गटानं आधीच बसून ठरवलं की विक्रीतला अमुक हिस्सा बँकेत बीजखात्यात वेगळा राहील, तो कोणी उचलायचा नाही आणि सही दोघींची लागेल, तर हे दोन ओळींत लिहिता येतं. किंवा असंही ठरू शकतं की मरळ, शिंगी यांसारखे साचल्या पाण्यात वाढणारे देशी मासे जपायचे आणि वीण होते त्या पावसाळ्याच्या दिवसांत जाळं टाकायचं नाही. मग बीजाचा खर्च कमी आणि राखणीचं काम जास्त. दोन्ही चालेल, पण काहीतरी ठरलेलं हवं. अर्जाची भाषा साधी असली तरी चालते. पण गावात ठरलंच नसेल, तर कितीही चांगली भाषा ते झाकू शकत नाही.

दुसरी मोठी अडचण जागेची. तलाव कोणाचा? सातबारावर काय लिहिलंय? ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडचा, की कोणाच्या शेतातली खासगी बोडी, म्हणजे छोटं तळं? मासेमारीचा ठेका आधीच एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे का? असेल तर त्या संस्थेतल्या ढिवर, म्हणजे मासेमार बांधवांना बाजूला ठेवून अर्ज करणं म्हणजे गावात भांडण विकत घेणं. त्यांना सोबत घ्या, त्यांची सही घ्या. तलाव सगळ्यांत जास्त त्यांनाच कळतो, हे आपण सोयीनं विसरतो. मग ग्रामसभेचा ठराव. कायद्यानं वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्याच लागतात. तेव्हा "सरपंच वेळ देत नाहीत" म्हणून हातावर हात ठेवून बसू नका, विषय आधी लेखी द्या. ठरावात गट नंबर लिहा. "गावातील तलाव" एवढंच लिहिलेला ठराव कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

पैसे घेणार कोण, ही तिसरी गोष्ट. बचत गटाचं बँकेत खातं असतं, पण कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा, म्हणजे सीएसआरचा पैसा गटाला थेट मिळत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा जास्त, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. आपल्या आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात म्हटलंय. विदर्भात कोळशाच्या वेकोलिपासून मँगनीजच्या मॉईलपर्यंत आणि चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांपर्यंत कंपन्या आहेत, म्हणून हा मुद्दा आपल्या कामाचा. कंपनीनं स्वतःच काम करून द्यायचं ठरवलं तर प्रश्न नाही. पण तिला दुसऱ्या संस्थेमार्फत करायचं असेल, तर ती संस्था नोंदणीकृत हवी, तिच्याकडे आयकर सवलतीची १२-ए आणि ८०-जी नोंदणी हवी, असं काम केल्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणीही हवी.

हे ऐकून लगेच नवी संस्था काढायला धावू नका. संस्था काढणं सोपं आणि चालवणं कटकटीचं. तुमच्या तालुक्यात चार-पाच चांगल्या, जुन्या संस्था असतील. त्यांच्याशी लेखी करार करा. काम तुमचं, खातं त्यांचं, आणि बिल तुमच्या सहीशिवाय निघणार नाही. गावात जुनं नोंदणीकृत मंडळ असेल तर त्याचे कागद बाहेर काढा. तिथं हमखास एक गंमत सापडते: धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अजून पहिलेच विश्वस्त असतात, त्यातले दोघं-तिघं वारलेले. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो कोणी दिलेलाच नसतो. अनुदानाच्या अर्जाआधी ते निस्तरा, कारण बँकेपासून सीएपर्यंत सगळे तिथंच अडवतात.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात. जपानच्या दूतावासाची १९८९ पासून चालत आलेली तळागाळातल्या कामांची मदत योजना, संयुक्त राष्ट्रांचा १९९२ पासूनचा पर्यावरणाचा लहान अनुदान कार्यक्रम, ही नावं कोणी सांगेल. पण परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. तेव्हा "दिल्लीहून डॉलर आणून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तसाच दुसरा एक गृहस्थ मार्च जवळ आला की तालुक्याच्या ठिकाणी दिसू लागतो. प्रस्ताव लिहून देतो, मंजूर झाला की १० टक्के माझे. त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये एकच प्रस्ताव असतो आणि तो फक्त गावाचं नाव बदलतो. अशा एका प्रस्तावात मी वाशीम जिल्ह्यातल्या गावाला समुद्रकिनाऱ्याची धूप थांबवताना पाहिलंय.

अंदाजपत्रक मात्र निवांत बसून करा. जेसीबीचे तास, डिझेल, बेशरम उपटण्याची मजुरी, बीज, जाळी. प्रत्येक ओळीत किती नग, काय दर, एकूण किती. दरपत्रकं शक्यतो तीन दुकानांची घ्या, एकाच दुकानदाराकडून तीन लेटरहेडवर आणलेली नकोत, ती ओळखू येतात. गाळ शेतकरी आपल्या ट्रॅक्टरनं नेणार असतील तर त्या फेऱ्या लोकवाटा म्हणून लिहा. रोज वहीत तारीख, ट्रॅक्टरवाल्याचं नाव, फेऱ्या आणि सही. श्रमदानाचंही तसंच. वर्गणीच्या पावतीपुस्तकात आपण हेच करतो, इथं का लाजायचं? जेसीबीवाला रोख मागेल आणि पक्कं बिल द्यायला कुरकुर करेल. काम सुरू होण्याआधीच ते बोलून घ्या, खड्डा खणून झाल्यावर बिल मिळत नाही.

आणि हिशेब लिहिणाऱ्या पोरीचं मानधन, तालुक्याला जाण्या-येण्याचा खर्च, लेखापरीक्षणाची फी, हे लपवू नका. बरेच जण घाबरून तिथं शून्य लिहितात. सीएसआरमध्ये वरकड खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, असं कोणी ऐकवेल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभाराच्या खर्चाला आहे, एखादं काम राबवायला आणि त्यावर देखरेख ठेवायला जो प्रत्यक्ष खर्च येतो त्याला नाही. शून्य लिहिलं, की पुढे तोच खर्च डिझेलच्या बिलात कोंबावा लागतो आणि प्रामाणिक माणूस चोर ठरतो.

अर्ज करण्याआधी आपल्याच ग्रामपंचायतीचा विकास आराखडा बघा. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. पेसाच्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या गावांना आदिवासी उपयोजनेतल्या ५ टक्क्यांतून अबंध निधी येतो. गडचिरोलीत तर अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः करतात, बाहेरच्या अनुदानापेक्षा मोठी रक्कम त्यांच्याच खात्यात असू शकते. घरचे थोडे पैसे आधी घातले आणि उरलेल्यासाठी अर्ज केला, तर समोरचा माणूस वेगळ्या नजरेनं बघतो.

अर्ज पहिल्या चाळणीतून निघाला की पाहणीला लोक येतात. अशा वेळी मंडप, शाल-श्रीफळ, शाळेच्या पोरींचं स्वागतगीत, याची काही गरज नाही. सरळ तलावावर न्या. बोलू द्या ते बायांना. एका गावात पाहुण्यांनी विचारलं, "आमच्यानंतर राखण कोण करणार?" पुढारी घसा खाकरत होते, तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "काहून? आता कोन करते? आमीच करतो ना. तुमी आल्यावर सुरू नाही झालं, तुमी गेल्यावर बंद नाही होनार." मग तिनं पदरात गुंडाळलेली राखणीच्या पाळ्यांची यादी काढली. कोणत्या आठवड्यात कोणत्या दोघी, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. पाहुण्यांनी मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढून घेतला, पुढाऱ्यांच्या भाषणाचा नाही.

नकारही येईल. आला तर फोन करून कारण विचारा. बरेच जण नीट सांगतात. कधी काम त्यांच्या विषयात बसत नसतं, कधी वर्षाचा पैसा वाटून झालेला असतो. कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारीत धावपळ करण्यापेक्षा एप्रिल-मेमध्ये, त्यांची नवी आखणी चालू असताना भेटलेलं बरं. तोच अर्ज पहिलं पान बदलून दुसरीकडे द्या. मोजणीची वही, ठराव, सातबारा आणि दरपत्रकं एका फायलीत ठेवा, आणि ती फाईल कोणा एकाच्या घरी नको, ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या कपाटात हवी.

तर उद्या तलाठी कार्यालयाकडे जाणं झालंच, तर आपल्या तलावाचा गट नंबर आणि तो कोणाच्या नावावर आहे, एवढं पाहून ठेवा. नमस्कार.